हप्ता कमी करू, मुदत कमी करू, की विकूनच टाकू?

वाघोलीकर:
सप्टेंबर 2021 ला वाघोलीत भाड्याने द्यायला म्हणून टू बीएचके घेतला. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी धरून 53 लाख. कर्ज 40 लाख, 20 वर्षं, 6.7 टक्के, हप्ता 30,296. मेहुणे म्हणाले, "एवढं स्वस्त कर्ज परत मिळायचं नाही." खरंच नाही मिळालं, मलाही ते आठच महिने पुरलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 रेपो (रिझर्व्ह बँकेचा दर, माझं कर्ज त्याच्याशी बांधलेलं) 4 वरून 6.5 वर गेला. बँक हप्ता तोच ठेवून गुपचूप मुदत वाढवत राहिली. एप्रिल 2023 ला स्टेटमेंट काढलं, तर 30,296 पैकी मुद्दलात जेमतेम पाचशे रुपये! शाखेत जाऊन भांडलो, तेव्हा हप्ता 33,180 आणि तिथून पुढे 25 वर्षं असं ठरलं. म्हणजे दीड वर्ष भरून मी मागेच गेलो होतो.

आता 2025 मध्ये दर 8.2 वर आलाय, बाकी 37.85 लाख. बँक म्हणते हप्ता 30,700 करून देतो. भाडं 18,000 येतं, त्यातले अडीच हजार मेंटेनन्सला. एजंट 65 लाखांचं गिऱ्हाईक आणतो म्हणतोय.

हिशोबी_काका:
हप्त्याला हात लावू नका. 33,180 च भरत राहिलात तर साडेअठरा वर्षांत सुटाल, 30,700 केलात तर पावणेतेवीस.

पण खरं दुखणं दुसरंच आहे. 65 लाखांच्या मालावर वर्षाला हातात 1.86 लाख, म्हणजे तीन टक्केही नाही. कर्ज 8.2 चं. महागाईत घर तारतं म्हणतात, पण एप्रिल 2022 ला महागाई 7.79 वर गेली म्हणूनच तर व्याज वाढलं ना? ज्याचं कर्ज फिटलंय त्याला महागाई तारते. फ्लोटिंगवाल्याकडून, म्हणजे ज्याचा व्याजदर वरखाली होतो त्याच्याकडून, तिचा वाटा बँक दरमहा काढून घेते.

विकलात तर एक फायदा आहे. 23 जुलै 2024 च्या आधीची खरेदी असल्याने कराचे दोन्ही पर्याय तुम्हाला खुले आहेत. 12 लाखांच्या नफ्यावर सरळ 12.5 टक्के म्हणजे दीड लाख. इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेतली तर (निर्देशांक 2021-22 च्या 317 वरून 2025-26 ला 376) खरेदी 62.86 लाख धरली जाते, कर 20 टक्क्यांनी 43 हजारांच्या आत. वर सेस. तरी सीएला विचारा.

डोंबिवलीची_प्राची:
दादा, आधी स्प्रेड बघा, म्हणजे रेपोच्या वर बँक किती टक्के लावते ते. रेपो 5.5 आणि तुमचा दर 8.2, म्हणजे 2.7 चा स्प्रेड! नव्या गिऱ्हाइकांना साडेसातने देतायत. मी दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र नेऊन आमच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं, थोडी फी घेऊन 7.6 करून दिला. फ्लोटिंगवर मुदतीआधी फेडून दुसऱ्या बँकेत जायला दंड नसतो, हे त्यांनाही ठाऊक असतं.

वाघोलीकर:
स्प्रेड ही भानगड आजच कळली. सोमवारी जातो. हप्ता तसाच ठेवतोय. भाडेकरूचा करार फेब्रुवारीत संपतो, तोवर विकायचं नाही असं बायको म्हणतेय. भाडेकरू आत असताना गिऱ्हाईक भाव पाडतं का हो?

हिशोबी_काका:
पाडतं. रिकामा करून, एक हात रंग मारूनच दाखवा.