मदत हवी आहे: रेंजवर सरळ, कोर्सवर वाकडं

नमस्कार मंडळी,

इथे गोल्फ खेळणारे बरेच जण दिसतात, म्हणून विचारते. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) माझी सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) छान चालते. सुरुवातीचे काही चेंडू कसेही जातात, मग एकदा हात बसला की एकामागून एक सरळ. उरलेली बकेट (सरावाच्या चेंडूंची बादली) ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या क्लबने) संपवते आणि खुशीत घरी येते. कोर्सवर गेलं की पहिल्याच टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) चेंडू उजवीकडे झाडीत! पुढचा आयर्न चेंडूच्या आधी जमिनीत रुततो आणि चेंडू जेमतेम चार पावलं सरकतो. कोच म्हणतात स्विंग ठीक आहे, पण त्यांनी मला कधी कोर्सवर पाहिलेलं नाही.

वेळ फार मिळत नाही, त्यामुळे आणखी दोन बकेटा मारा असं कृपया सांगू नका. आहे तीच बकेट कशी वापरू? यूट्यूब पाहून डोक्याचा पार भुगा झालाय.

प्रतिसाद

मॅटवर (रेंजच्या चटईवर) मारता ना? मग निम्मं उत्तर तिथेच आहे. क्लब चेंडूच्या दोन बोटं मागे टेकला तरी मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच क्लब मातीत अडकतो. आयर्नने मारताना आधी चेंडू आणि मग जमीन लागायला हवी. चांगल्या खेळाडूंचा डिव्हॉट (क्लबने उखडलेला जमिनीतला खड्डा) चेंडूच्या जागेच्या पुढे पडतो, तो यामुळेच.

चेंडूच्या मागे चार-पाच इंचांवर छोटा टॉवेल घडी करून ठेवा आणि मारा. टॉवेल उडाला की समजा शॉट फॅट होता (चेंडूआधी जमीन लागली), चेंडू कितीही सुंदर गेलेला असो. पहिल्या दिवशी चिडचिड होईल. आणि अंतराच्या पाट्या फार मनावर घेऊ नका, रेंजचे चेंडू बरेचदा मुद्दाम कमी उडणारे असतात, शिवाय झिजलेले.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण मला खरी गोम वेगळीच वाटते. सरळ जाणारे ते चेंडू तुम्ही एकाच क्लबने, एकाच जागेवरून, पाठोपाठ मारता. आधीच्या फटक्याची दुरुस्ती अंगात ताजी असते. कोर्सवर एक मारला की चालत जायचं, चेंडू शोधायचा, क्लब वेगळा, जमीन वेगळी. तिथे प्रत्येक फटका पहिलाच.

शे आणि मॉर्गन या संशोधकांचा 1979 चा एक प्रयोग आहे. हातात टेनिसचा चेंडू धरून छोटे अडथळे ठरलेल्या क्रमाने पाडायचे, असे तीन क्रम. एकेक क्रम घोटणारे सरावात पुढे होते. तिन्ही सरमिसळ करणारे सरावात अडखळले, पण दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत तेच सरस ठरले. गोल्फ नव्हे, मान्य, पण रेंजवर रोज हेच दिसतं.

म्हणून निम्मी बकेट झाली की तुमचाच कोर्स डोळ्यांसमोर आणा. दोन पाट्यांच्या मध्ये फेअरवे (कापलेल्या गवताचा मोकळा पट्टा) समजा, ड्रायव्हर मारा. उजवीकडे गेला? मग झाडीत आहात, पाच नंबरच्या आयर्नने खालून बाहेर काढा. मग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब). दर वेळी चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्य ठरवायचं, आणि चुकला तर दुसरा चेंडू नाही. नियमांत एका फटक्याला 40 सेकंदांपर्यंत वेळ घ्यावा अशी शिफारस आहे, रेंजवर आपण तेवढ्यात चार चेंडू उडवतो!

ग्रिप (क्लब धरण्याची पद्धत) वगैरे नुकतीच बदलली असेल तर मात्र आधी एकच क्लब घोटा.

धागाकर्ती

टॉवेल लावून पाहिला. दर दुसऱ्या फटक्याला उडतोय, धन्य! कोर्सची कल्पना करून खेळायलाही मजा आली, फक्त "झाडीत" फार वेळा गेले. हा उजवीकडचा प्रकार रेंजवर ओळीने मारताना का दिसत नाही?

प्रतिसाद

कारण मॅटची कड तुमचे पाय आपोआप सरळ लावून देते. कोर्सवर ती कड नसते, आणि कितीतरी टी भलतीकडेच तोंड करून असतात. पाय उजवीकडे लागतात, मन म्हणतं डावीकडे ओढ, आणि क्लब बाहेरून आत येतो. रेंजवर मुद्दाम मॅटला तिरकं लक्ष्य निवडा आणि पायांपाशी एक अलाइनमेंट स्टिक (दिशा दाखवणारी सरळ काडी) टाकून तपासा.

मग चेंडू निघतो कुठून ते बघा. निघण्याची दिशा मुख्यतः क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) ठरवतो; हवेत वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांतल्या फरकामुळे. डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर मार्ग बिघडलाय. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे जात असेल तर आधी ग्रिप तपासा. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी.)

प्रतिसाद

आणि पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलणं? पार 72 च्या (72 फटक्यांत पुरा करायच्या कोर्सच्या) हिशेबात असे 36 फटके, म्हणजे पट, धरलेले असतात. तरी रेंजच्या पटिंग ग्रीनवर चिटपाखरू नसतं. शेवटची दहा मिनिटं तिथे घाला, त्याला बकेटही लागत नाही.

धागाकर्ती

चेंडू डावीकडे निघून वळतो, म्हणजे मार्गच. सगळ्यांचे आभार! एक शेवटचं: दर वेळी क्लब बदलताना चेंडूची जागाही बदलायची ना?

प्रतिसाद

हो. ड्रायव्हरला पुढच्या टाचेच्या रेषेत, वेजला साधारण मधोमध, बाकीचे क्लब त्या दोघांच्या मध्ये.