अकरा वर्षांचा डेस्कटॉप: भाग बदलावेत की मशीनच बदलावं?

(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सांगलीकर

बाबांचा डेस्कटॉप २०१४ च्या दिवाळीत असेंबल करून घेतलेला. कोअर आय५ ४४६०, एच८१ चा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, नंतर चढवलेलं विंडोज १०. सोसायटीचे हिशोब, घरातले वीस वर्षांचे फोटो आणि बाबांच्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली, सगळं त्यावरच. हल्ली बटण दाबून चहा टाकायला जायचं आणि चहा पिऊन परत यायचं, तेव्हा कुठे एक्सेल उघडायचं. दुकानात नेला तर काउंटरवरच्या मुलाने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. "भंगार झालंय, नवीन घ्या," म्हणाला आणि चाळीस हजारांच्या वरचं कोटेशन हातात ठेवलं. मला राग आला तो किमतीचा नाही, न बघता निकाल दिल्याचा.

घरी आणून टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू ११ टक्के, मेमरी ९० च्या पुढे, डिस्क सलग १०० टक्के. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलेला आणि सगळं मशीन डिस्कची वाट बघतंय. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद. हेड सरकायला आणखी आठ-नऊ. विखुरलेल्या फाइली वाचायच्या तर सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी वेळाच वाचून होतं. विंडोज चालू होताना अशा हजारो छोट्या फाइली मागते. त्यात रॅम भरली की उरलेलं पुन्हा त्याच डिस्कवर लिहिलं जातं. त्या बिचाऱ्या हेडने जायचं तरी कुठे कुठे?

मी फिरणारा भाग नसलेली ५०० जीबीची सॅटा एसएसडी डिस्क घातली आणि एका जुन्या डब्यातून काढलेली ४ जीबी रॅमची काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली. पंखा उघडला तर प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकवर धुळीची नमद्यासारखी जाड घडी, ती एका तुकड्यात निघाली. थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. पेस्ट नवीन लावली. आता बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत पाऊण मिनिटसुद्धा लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मशीन जुनं झालं म्हणून टाकू नका. ते नेमकं कुठे अडतंय ते आधी बघा, आणि पैसे अशाच भागात घाला जो पुढच्या मशीनमध्ये नेता येईल. तुमचं काय म्हणणं?

आडवा छेद

पूर्ण असहमत. वेगाबद्दल तुम्ही बरोबर आहात, पण तुमचा प्रश्न आता वेगाचा राहिलेलाच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी करून मिळतात, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीतला. विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये (रजिस्ट्रीत) खटपट करून ११ चढवणारे आहेत, पण उद्याच्या अपडेटने ते नाकारलं तर दाद कोणाकडे मागणार?

आणि त्यावर सोसायटीचे हिशोब आहेत. म्हणजे पैसा तुमचा एकट्याचा नाही, चाळीस घरांचा आहे.

दुसरं, तुमचा नियम तुम्हालाच लावून बघा. डीडीआर३ ची काडी पुढच्या कुठल्याच मशीनमध्ये जाणार नाही, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला खाचच वेगळ्या जागी असते. तुमची काडी फुकटात मिळाली म्हणून ठीक. हा धागा वाचून लोक जुनी रॅम विकत घ्यायला निघतील, त्यांचं काय?

जुना सोल्डर

मी वीस वर्षं मशीनं उघडतोय, म्हणून राहवलं नाही. एसएसडी घातलीत, रॅम घातलीत, एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, नाव नाही! अकरा वर्षांच्या कॅबिनेटमध्ये पहिल्यांदा हात तिथे जायला हवा.

कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर "४५० वॅट" लिहिलेलं असतं. त्याकडे बघू नका. स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना शोधा. १४ अँपिअर लिहिलेलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि पंखे त्या रकान्यावर चालतात, बाकीचा आकडा शोभेचा. तुमच्या प्रोसेसरचा टीडीपी (पूर्ण भारात तापायचं माप) ८४ वॅट आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून आजवर निभावलं. पण आतले कपॅसिटर (वीज धरून ठेवणारे नळकांडीसारखे भाग) वाळले की व्होल्टेज डगमगतं आणि एसएमपीएस जाताना बोर्ड नाहीतर नवी कोरी एसएसडी घेऊन जातो. मी असे बोर्ड हातात धरलेत, जळका वास येणारे.

एक छोटी गोष्ट. घड्याळ मागे पडतं का? बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की बँकेची साइट सर्टिफिकेटची तक्रार करून उघडतच नाही आणि लोक व्हायरस आला म्हणून फॉरमॅट मारतात.

निळी शाई

दोन्ही बाजूंना एक मधला रस्ता दिसत नाहीये. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेली, नीट करून पुन्हा विकायला ठेवलेली रिफर्बिश्ड मशीनं बघा. आठव्या पिढीचा आय५ ८५०० म्हणजे सहा कोअर, डीडीआर४ रॅम, विंडोज ११ नियमाने चालतं. नवीन असेंबल करण्याच्या निम्म्यापेक्षा खूप कमी पैशांत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, रांगेने लावलेली दिसतील.

नवीन घेण्याची तर ही वेळच नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढतायत, कारण कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज डीडीआर५ घेणारा चढ्या भावात घेतोय.

शिवाय विजेचं बिल धरा. आणि व्हिडिओचं काय? एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ थेट हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आली. बाबांच्या मशीनवर तो सगळा भार प्रोसेसरवर पडणार.

सांगलीकर

विजेचं मी मोजलंय. प्लगला मीटर लावला, नुसतं चालू असताना ४८ वॅट. रोज ५ तास धरले तर महिन्याला साधारण सात युनिट. छोटं मशीन दोन युनिट खाईल. पाच युनिट वाचवायला मशीन बदलायचं हे मला पटत नाही.

एव्ही१ चं म्हणाल तर आठव्या पिढीतही ती सोय नाही, म्हणजे तुमचं रिफर्बिश्डसुद्धा तिथेच अडणार. बाबा कीर्तनं ऐकतात, ती ७२० ला ठेवली की अडत नाहीत.

रॅमबद्दल आडवा छेद यांचं बरोबर. विकत घेतली असती तर माझाच नियम मोडला असता.

मधुमालती

रत्नागिरीला माहेरी असंच मशीन आहे, त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ टाकलं. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. आईला फक्त "ल"च्या कळीवर शिफ्ट दाबून "ळ" येतो हे एकदा दाखवलं, आता ती रोजची जमाखर्चाची वही त्यावर लिहिते. घरचं मशीन चालवायला विंडोज लागतंच हा समज सोडायला हवा.

सांगलीकर

मधुमालती, मनापासून आवडलं. पण बाबांच्या श्रीलिपीतल्या फाइली युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या आहेत. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर विंडोजशिवाय हलत नाही. पंधरा वर्षांची स्मरणिकांची पानं आहेत ती.

आडवा छेद

मग त्या फाइलींपुरतं विंडोज नेटशिवाय ठेवा, माझी हरकत नाही. पण एक खर्च इथे कोणीच मांडला नाही. सांगलीकर, तुम्ही राहता कुठे आणि मशीन कुठे?

माझे वडील मिरजेत एकटे होते. मीही असंच जुनं मशीन जिद्दीने चालू ठेवलं होतं. एका रात्री ते बंद पडलं आणि पेन्शनचा फॉर्म भरायची दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. मी फोनवरून विचारतोय, "निळी वायर दिसते का?" आणि ते टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकलेले. तेव्हा वाटलं, घरी येऊन दुरुस्त करून देणाऱ्या ऑनसाइट वॉरंटीचे पैसे वाचवून मी कमावलं काय? भाग बदलणाऱ्याला मजा येते. वापरणाऱ्याच्या वाट्याला काय येतं तेही मोजा.

सांगलीकर

मी पुण्यात, मशीन सांगलीत. हा मुद्दा लागला.

फक्त एवढं सांगतो की रॅमची काडी मी बसवली नाही, बाबांनी बसवली. वय ६८. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घेतला, मग खाच जुळवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खटका वाजला तसं वर बघून म्हणाले, "एवढंच होतं होय?" ते आता स्वतः झाकण उघडतात. पण शेवटच्या तारखेच्या रात्री तेवढं पुरणार नाही, हे कबूल.

तेव्हा आजपासून सोसायटीचे बँकेचे व्यवहार या मशीनवरून बंद. ऑक्टोबर २०२६ च्या आत एक रिफर्बिश्ड मशीन घेईन आणि ही सॅटा एसएसडी त्यात जाईल. हे जुनं नेट काढून फक्त श्रीलिपीसाठी.

जुना सोल्डर, आता अडचण एसएमपीएसची आहे. ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये बाहेरचा एसएमपीएस बसत नाही असं ऐकलंय. मग नवीन घेतलेला पुढे नेता येणार नाही. तरी घालू का?

जुना सोल्डर

बरोबर ऐकलंय, त्यांतल्या बऱ्याच मशीनना कनेक्टरच वेगळा असतो. म्हणून पैसे घालायच्या आधी बोर्ड बघा. वायर काढून दहा मिनिटं थांबा, प्रोसेसरच्या कडेला उभे कपॅसिटर दिसतील, त्यांच्या डोक्यावरून टॉर्च तिरका मारा. डोकी सपाट असतील तर साधा पण चांगला एसएमपीएस घाला, श्रीलिपीची पानं आणखी काही वर्षं सुखाने उघडतील. एकही डोकं फुगलेलं दिसलं किंवा बुडाशी तपकिरी डाग असला, तर आडवा छेद जिंकले. एक रुपयाही घालू नका, फाइली त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून घ्या. बाबांना फोटो काढायला सांगा आणि इथे टाका.