डाउनलोड केलेला व्हिडिओ नेटविना का अडतो

भाऊ, धारणीला वायफायवर उतरवलेले क्लासचे व्हिडिओ गावात चौथ्या दिवशी उघडत नाहीत, म्हणून तुम्ही मेमरी कार्डाला दोष देताय. कार्ड बहुतेक ठीकच असेल. फाइल कुलूपबंद उतरते, तिची चावी म्हणजे लायसन्स वेगळं येतं आणि त्याला मुदत असते. काही ॲपमध्ये प्ले दाबल्यापासून ४८ तास, मग परत नेट. चावी त्याच फोनला बांधलेली असते, म्हणून कार्ड दुसऱ्या फोनात घालून काही होत नाही.

गावी निघण्याआधी विमान मोड लावून एकच व्हिडिओ चालवून बघा. सगळे तपासत बसलात तर सगळ्यांची मुदत तिथूनच सुरू होईल. फोनची तारीख चुकली तरी लायसन्स नाकारलं जातं. जागा करायला ‘क्लिअर कॅश’ चालेल, ‘क्लिअर डेटा’ अजिबात नको. डाउनलोड आणि चाव्या दोन्ही जातात.

मला राग याचा येतो, की पैसे भरणाराच अडतो. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या सेवेनेही २६ फेब्रुवारी २०२५ पासून पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय काढली. रेंज नसलेल्या गावाला तीच कामाची होती. कुलूप तोडायचा सल्ला मी देणार नाही. कॉपीराइटचा भंग करायच्या हेतूने तोडलं तर कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आहे. क्लासवाल्यांकडेच साधी एमपी४ आणि पीडीएफ मागा, आणि फी भरण्याआधी मागा.