रस्ता सुरक्षेत सरकार पास की नापास, हे कशावरून ठरवायचं?

धागाकर्ता:
रस्ता सुरक्षेच्या सरकारी अहवालांत दंडाच्या पावत्या किती फाडल्या, शिबिरं किती घेतली, फलक किती लावले याचीच जंत्री असते. हा कामाचा हिशेब झाला, परिणामाचा नव्हे. मग येतो मृतांचा आकडा. तो घटला की संपलं! कण्याला मार बसून कायमचा अंथरुणाला खिळलेला माणूस त्यात कुठेच नसतो. शिवाय रुग्णवाहिका लवकर पोचायला लागली तरी मृत्यू कमी होतात, रस्ता होता तसाच घातक राहतो. म्हणून माझ्या मते पहिली कसोटी रुग्णालयांतल्या गंभीर जखमींची असावी.

प्रतिसाद १:
साफ असहमत. मृत्यू लपवणं अवघड असतं आणि 'अपघातानंतर 30 दिवसांच्या आत' ही व्याख्या बऱ्याच देशांत रूढ आहे. जखमींचं तसं नाही. नोंदी सुधारल्या की आकडा फुगतो आणि प्रामाणिक खातंच नापास ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 11.9 लाख माणसं रस्ते अपघातांत दगावली. 2010 पासूनची घट जेमतेम 5 टक्के, आणि संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट होतं 2020 पर्यंत निम्म्यावर आणण्याचं. नापास म्हणायला आणखी काय हवं?

धागाकर्ता:
व्याख्येवर तोडगा आहे. युरोपीय संघाने दुखापतीच्या तीव्रतेचं 1 ते 6 असं वैद्यकीय माप धरलंय, 3 किंवा त्यावर असेल तर गंभीर. सायकलवरून एकटाच पडलेला माणूस पोलिसांच्या कागदावर सहसा येतच नाही, रुग्णालयात मात्र येतो.

प्रतिसाद २:
आकडा कुठलाही घ्या, तो कशामुळे हलला ते कोण तपासणार? एखाद्या वळणावर एका वर्षी जास्त अपघात होतात, म्हणून तिथे गतिरोधक बसतो. ते वर्ष बरेचदा योगायोगानेच वाईट गेलेलं असतं, त्यामुळे पुढच्या वर्षी काहीच केलं नसतं तरी आकडा बहुधा उतरलाच असता, पण श्रेय गतिरोधकाला. 2020 ची घटही बऱ्याच ठिकाणी टाळेबंदीची होती. तशाच, पण हात न लावलेल्या रस्त्याशी तुलना केल्याशिवाय कुणाला गुण देऊ नयेत. स्वीडनने 1997 मध्ये शून्य मृत्यूचं धोरण स्वीकारलं, रस्त्यांच्या मधोमध तारांचे दुभाजक घातले, आणि वेगमर्यादा किती वाहनं पाळतात हेसुद्धा मोजत राहिले. अशा मोजणीने मृत्यूची वाट न पाहता उपाय लागू पडतोय का ते कळतं.

प्रतिसाद १:
तुलनेचा मुद्दा मान्य. पण वेग आणि हेल्मेटची टक्केवारी खात्यांच्या हाती दिली की तीच मिरवली जाणार. माणसं मरत असताना टक्केवारीवर पास करायला मी तयार नाही.

प्रतिसाद २:
मग मोजणी त्या खात्याकडे ठेवूच नका. ज्याने रस्ता बांधला त्यानेच तो तपासायचा, ही पद्धत आधी मोडायला हवी.