हो शौ वू: केस काळे होतील, यकृताचं काय?

खवचटकाकू:
"हो शौ वू ही चिनी औषधी मुळी घ्या, केस मुळापासून काळे, दुष्परिणाम शून्य." कालचा हा लेख वाचून डोकं फिरलं. खाली जो तो "कुठे मिळेल?" विचारतोय. या मुळीने यकृताला सूज आल्याच्या नोंदी खुद्द चीनमधूनच शेकड्यांनी आहेत. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००६ मध्येच सावध केलं होतं. आणि केस काळे होतात याला माणसांवरचा धड पुरावा नाही. शून्य कुठून आणला?

सिंगापुरी मराठी:
लेख माझाच. अर्धवट माहितीवर नाकाने कांदे सोलू नका. कच्ची मुळी वेगळी, ती रेचक. केसांसाठी घेतात ती काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवून काळी केलेली. इथला चिनी वैद्य नाडी बघून, तोलून देतो. शेजारचे आजोबा वर्षानुवर्षं घेतायत, केस बघा त्यांचे!

खवचटकाकू:
आजोबा कलप लावत नाहीत ना, विचारलंत? शिजवलेल्या मुळीनेही कावीळ झालेले रुग्ण आहेत. एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांना तर धोका कितीतरी जास्त. तुमच्या वैद्याला तो नाडीत कळतो का?

रानभाजी:
चिन्यांचं सोडा, आपल्या गुळवेलीवर अन्याय झाला त्याचं बोला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं, की झाली वेल बदनाम! आयुष मंत्रालयाने तेव्हाच म्हटलं, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते.

बिनडिग्रीचा:
मग बाजारातल्या चूर्णात कुठली वेल आहे हे कोण ओळखणार? कोविडात वहिनीचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर विचारतायत, "काही औषध चालू?" ही म्हणते, "छे!" गुळवेलीच्या काढ्याला औषध कोण म्हणतं? शेवटी भावाने सांगितलं. काढा बंद केल्यावर हळूहळू उतरलं.

रानभाजी:
एका वहिनीवरून शास्त्र? पॅरासिटामॉलच्या अतिडोसाने यकृत निकामी होतं, त्यावर कुणी बोलत नाही. आमच्या गावच्या एका हॉस्पिटलने साध्या तापाला चाचण्यांचं एवढं बिल लावलं की…

बिनडिग्रीचा:
बिलाचा धागा वेगळा काढा. पॅरासिटामॉलच्या पाकिटावर गोळी किती मिलिग्रॅमची ते छापलेलं असतं. तुमच्या वेलीवर काय छापलंय?

रानभाजी:
माझी वेल परसात कडुनिंबावर चढवलीय. मला पान ओळखता येतं. तुम्ही शहरी लोक चूर्णाच्या डब्या आणता आणि वेलीच्या नावाने खडे फोडता.

सिंगापुरी मराठी:
माझ्या लेखाची गुळवेल झाली. बरं बाई, "शून्य" काढतो, "क्वचित" घालतो. खूश?

खवचटकाकू:
"क्वचित"च्या पुढे "कावीळ" लिहा. यकृताचा आजार असेल त्याने हात लावू नये, हेही. लघवी गडद झाली की ताबडतोब बंद.

सिंगापुरी मराठी:
लिहितो. आजोबांचा फोटोही टाकतो.

रानभाजी:
फोटो राहू द्या. त्या सहा जणांनी नक्की कुठली वेल खाल्ली, ते आधी कुणीतरी सांगा.