कॅसेटवरचा आईचा आवाज वाचवायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं 'विश यू वर हिअर' (१९७५) हे गाणं लागलं की मी साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात पोचतो. १९९४ साली दादाने मित्राची कॅसेट आणली, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले आणि कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेतली. या गाण्याच्या सुरुवातीला रेडिओची स्टेशनं बदलल्याची खरखर आहे, आणि मागून येणारी बारा तारांची गिटारही मुद्दाम रेडिओतून आल्यासारखी बारीक ठेवलीय. ती खरखर ऐकून आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, रेडिओ नीट लाव की!" ते वाक्य आणि पाठोपाठ कुकरची शिट्टी, दोन्ही टेपवर आलं. दादा तेव्हा केवढा चिडला होता!

आई जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही.

परवा कॅसेट काढली तर फितीमागचा, तिला हेडवर (टेपरेकॉर्डरच्या फीत वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलेला. फीत तुटलेली नाही, कडेला थोडी चुरगळलीय. कॅसेट स्क्रूची नाही, चिकटवलेली आहे. फीत काढून स्क्रूच्या कॅसेटमध्ये घालणं घरी जमेल का, की हात न लावलेलाच बरा? पुण्यात किंवा साताऱ्यात हे काम जपून करणारं कोणी माहीत आहे का? हेडचा कोन जुळवून संगणकावर उतरवून देणारं हवंय. आणि खरखर काढून टाकणारं नको, ती तशीच राहू द्यायची आहे.

तोवर कॅसेट वाजवत नाही.