हॉटेलातली पोरं टिकत नाहीत आणि तोंड पाडून काम करतात, नेमकं काय बदलायचं?

हायवेवाला_भुसावळ
नमस्कार मंडळी. भुसावळ-जळगाव हायवेला आमचं हॉटेल आहे, वडिलांनी उभं केलेलं. खाली रेस्टॉरंट, वर रूम्स, मागे लग्नाचा लॉन. शेवभाजीला लोक लांबून येतात आणि हिवाळ्यात भरीत-कळण्याची भाकरी असली की बसायला जागा नसते. धंद्याचं टेन्शन नाहीये, टेन्शन स्टाफचं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरं गावी जातात ती परत येतच नाहीत, फोन लावला तर बंद. जी आहेत ती कस्टमरने दोनदा पाणी मागितलं तरी कपाळाला आठ्या. परवा एका वेटरने फॅमिलीसमोर ताट आपटलं, आणि पोरगा वाईट नाही हो, अगदी मनापासून काम करणारा आहे, मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.
वडील म्हणतात पगार वाढव, सरळ होतील. दिवाळीला वाढवला, थोडे दिवस बरं चाललं मग परत तेच. आता एक ट्रेनिंगवाले म्हणताहेत की दोन दिवसात स्टाफला हसतमुख बोलायला शिकवतो. घ्यावं का ते? या लाइनमधल्यांनी सांगा.

कॅप्टन_जळगाव
भाऊ आधी सांग तुझ्याकडे ब्रेक शिफ्ट आहे का. म्हणजे सकाळी अकरा ते साडेतीन आणि परत सातपासून बंद होईपर्यंत. कागदावर ते आठ-नऊ तास दिसतात पण पोरगं दुपारी घरी जाऊ शकत नाही कारण गाव लांब, मग ते कुठे पडतं, तर वर पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि वर पत्रा, झोप लागेल का? रात्री साडेबाराला शेवटचं टेबल उठतं, मग भांडी, मग झाडू. सकाळी परत उभा. तंदूरवाल्याचं तर विचारूच नको. त्याने हसावं असं वाटत असेल तर आधी त्याला झोपू दे.
दुसरं, पिऊन आलेला कस्टमर आईवरून शिवी देतो तेव्हा मालक काय करतो ते सगळा स्टाफ बघत असतो. मालक म्हणाला "जाऊ दे रे, सॉरी म्हण त्यांना" की त्या दिवसापासून पोरं तुझी राहत नाहीत. मी पगारासाठी एकही हॉटेल सोडलं नाही, असल्या अपमानापायी सोडलीत.

हायवेवाला_भुसावळ
ब्रेक शिफ्ट आहे. आणि खोली पत्र्याचीच आहे. कूलर लावलाय पण लाइट गेली की काही नाही.

शिकवते_हॉटेल
मी हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवते म्हणून थोडं लांब लिहिते. तुम्ही ज्याला ॲटिट्यूड म्हणताय त्यावर बराच अभ्यास झालाय. अर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या एअर होस्टेसवर लिहिताना मांडलं की चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणं हेसुद्धा कामच आहे, त्यालाही मेहनत लागते, फक्त ती कोणी मोजत नाही. आतून राग आणि वरून हसू असं रोज बारा तास करणारा माणूस थकतो, मग एक तर त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं नाहीतर तो ताट आपटतो. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये बर्नआउटला कामाच्या ठिकाणच्या न सांभाळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय, आजार नाही. कारण कामाच्या जागेत आहे हे त्यातच आलं.
म्हणून त्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला माझा स्पष्ट नकार. थकलेल्या माणसाला हसायला लावणं म्हणजे त्याच्यावर अजून एक काम टाकणं. तोच पैसा दुपारच्या खोलीवर घाला, वर नीट छत आणि इन्व्हर्टर. त्या ताटवाल्या मुलाला एकटं बसवून विचारा, घरी काय चाललंय, झोप होते का. फारच बेचैन वाटला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सातपुडा_पोऱ्या
मी सातपुड्यातल्या धडगावकडचा, आमच्याकडची भरपूर पोरं हॉटेललाइनला आहेत. भाऊ तुम्ही आखाजीचं लिहिलं, आमच्या पोरांना आखाजीचं एवढं नाही, आमची होळी असते. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार सुरू झाला की पोराचं मन हॉटेलात राहतच नाही, काठी गावच्या होळीला तर लांबलांबून माणसं येतात आणि हा इथे टेबल पुसत बसणार? सुट्टी मागितली की मॅनेजर "बघू" म्हणतो, शेवटच्या दिवशी नाही म्हणतो, मग पोरगं न सांगता निघून जातं आणि शिव्या खायला नको म्हणून परत येत नाही. फोन बंद ठेवण्याचं कारण हेच असतं बऱ्याचदा. पळून गेलेला नसतो तो, लाजलेला असतो.

कानबाईचा_भक्त
एकदम बरोबर. आमच्या भाऊबंदांत कानबाईचे रोट, म्हणजे कानबाई देवीचा सण असला की मुंबई-सुरतची माणसं येतात. दिवाळी नही भेटनी तरी चालस, पन कानबाईले घर जावाच लागस. शहरातून आलेल्या मॅनेजरला हे सांगूनही कळत नाही, त्याच्या कॅलेंडरवर तो नुसता श्रावणातला एक रविवार असतो.

हायवेवाला_भुसावळ
कानबाईचं जमेल. पण आखाजी म्हणजे लग्नाचा मुहूर्त, त्या दिवशी लॉन फुल असतो. तेव्हाच सगळ्यांना घरी पाठवलं तर मी काय करू? पोरांच्या बहिणी माहेरी येतात, त्यांना जावंसं वाटणारच, हे मलाही कळतं.

हिशोबवाले_नाना
बाळा, सुट्टीचं तुम्ही ठरवाल, मी हिशोबाचं सांगतो, हॉटेलांचीच कामं बघतो मी. राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात आठवड्याला सलग २४ तास सुट्टी आहे आणि जादा तासाला दुप्पट दर आहे. लग्नसराईत दुप्पट द्या, उगाच "सीझन आहे, सांभाळून घ्या" म्हणू नका, त्या शब्दाने पोरांचं डोकं फिरतं. दुसरं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर काढायलाच हवा. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. तेल उडून हात भाजला तर उपचार होतात, आजारपणात घरी बसला तरी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. हे कार्ड हातात आलेला आचारी पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या ढाब्यावर जात नाही, हे मी बघितलंय.

रूमवाली_ताई
सगळे पोरांचंच बोलताहेत म्हणून लिहिते. मी रूम्सकडे आहे, हाउसकीपिंगला. आमच्या बऱ्याच हॉटेलांत बायांना कपडे बदलायला जागा नसते, रिकामी रूम शोधावी लागते. रात्री शेवटची बस गेली की रिक्षाचे पैसे कोण देणार यावरून रोज वाद. नाना म्हणताहेत त्याच कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईच्या संमतीशिवाय तिला थांबवता येत नाही, आणि थांबली तर घरापर्यंत पोचवायची सोय मालकाची, हे मला फार उशिरा कळलं. आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रार समिती हवी. गेस्टने हात धरला तर मी कोणाला सांगू, हे भिंतीवर लिहिलेलं असू द्या दादा, नाव आणि फोनसकट.

सातपुडा_पोऱ्या
@हायवेवाला भाऊ तुमच्या आखाजीचं. थोडी माणसं आमच्याकडची घ्या, ती आखाजीला आनंदाने थांबतील, होळीला तुमची जळगाव-भुसावळची पोरं थांबतील. फक्त हे वर्षाच्या सुरुवातीला कागदावर लिहून किचनच्या दाराला लावा, आणि एकदा लिहिलं की कितीही मोठं लग्न आलं तरी खोडू नका.

हायवेवाला_भुसावळ
हे आजच वडिलांशी बोलतो. ट्रेनिंगवाल्यांना नाही सांगतोय. खोलीवर छत टाकायचं तर आत्ताच टाकावं लागेल, एप्रिलनंतर मिस्तरी मिळत नाही. ताई, तुमचं कपडे बदलायच्या जागेचं लक्षातच आलं नव्हतं कोणाच्या, लिनन रूमच्या शेजारी एक खोली आहे, कुलूप लावून मावश्यांच्या ताब्यात देतो. @कॅप्टन, ब्रेक शिफ्ट पूर्ण बंद करायची तर किती माणसं वाढवावी लागतील? चाळीस कव्हर्सचं, म्हणजे चाळीस माणसं बसतील असं रेस्टॉरंट आहे.

कॅप्टन_जळगाव
पूर्ण बंद करता येईल, दोन बॅच कर. एक सकाळी दहाला येऊन सातला मोकळी, दुसरी तीनला येऊन बंद करून जाईल, दर आठवड्याला अदलाबदल. सर्व्हिसला दोन आणि किचनला एक माणूस वाढेल फार तर. मेनू आणि रविवारचा गल्ला मेसेज कर, रोस्टर बनवून देतो.